गस्तीचा हिशेब : पहारेकऱ्याच्या कामाच्या मोजमापाचा इतिहास

मराठी मुलखातील कोणत्याही पोलीस ठाण्यात रोजच्या वापरातले शब्द गोळा केले, तर त्यांतील निम्म्याहून अधिक शब्द फारसी-अरबी वळणाचे निघतात. 'गस्त' हा फारसी 'गश्तन' म्हणजे फिरणे या क्रियापदापासून आलेला शब्द. 'रोजनामचा' म्हणजे दिवसाच्या घडामोडींची वही. 'हजेरी' ही अरबी 'हाजिर'पासूनची. 'फिर्याद' या शब्दाचा फारसीतील मूळ अर्थ संकटात मारलेली हाक असा आहे. पुढे त्या हाकेचा कागद झाला आणि कागदालाच फिर्याद म्हणू लागले. हवालदार, जमादार, शिपाई, मुद्देमाल, मुचलका ही यादी वाटेल तेवढी लांबवता येईल. निजामाच्या राज्यात १८८४ पासून राज्यकारभार फारसीऐवजी उर्दूतून चालू लागला, त्यामुळे मराठवाड्यातील मराठी माणसालाही आपली फिर्याद कित्येक वर्षे उर्दूतच लिहून घेतलेली पाहावी लागली.

हे शब्द टिकले याचे कारण त्यांच्या मागची कामे टिकली. राज्ये बदलली, गणवेश बदलले, पण रात्री गावातून फिरणारा माणूस, त्याच्या फिरण्याची नोंद आणि त्या नोंदीवर वरिष्ठांचा शेरा, ही साखळी तीच राहिली. या साखळीतला एक प्रश्न मात्र प्रत्येक राजवटीला नव्याने पडलेला दिसतो. रात्रभर फिरून आलेल्या शिपायाने आपले काम नीट केले की नाही, हे सकाळी ठरवायचे कसे? शेतकऱ्याचे पीक खळ्यावर दिसते, विणकराचे कापड मोजता येते. गस्तीचे यश म्हणजे न झालेली चोरी, आणि जी झालीच नाही ती वहीत कोणत्या रकान्यात लिहावी? ही अडचण दूर करण्यासाठी राज्यकर्त्यांनी वेळोवेळी निरनिराळे गज वापरले. त्या गजांचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट वारंवार समोर येते. मोजमाप जेवढे कडक, तेवढी पहारेकऱ्याची नजर चोरावरून उठून फिर्यादीवर जाते. चोर सापडणे कठीण असते. फिर्यादीला गप्प करणे त्या मानाने सोपे.

भरपाईचा गज

अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त कोतवालाच्या कर्तव्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या या ग्रंथातील कोतवाल केवळ रात्रीचा पहारेकरी नाही. त्याने घरांची व रस्त्यांची नोंदवही ठेवायची, मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक मुख्य नेमायचा, आल्यागेल्याची बातमी त्याच्याकडून रोज घ्यायची, अनोळखी प्रवाशांना वेगळ्या सराईत उतरवायचे, लोकांची कमाई व खर्च यांवर नजर ठेवायची आणि बाजारातली वजनेमापेही तपासायची. त्याच्या जागरणामुळे नागरिकांना सुखाने झोप लागावी, ही अपेक्षा त्यात स्पष्ट नोंदवली आहे. या सगळ्या कामांच्या जोडीला एक अट आहे : चोर आणि चोरीचा माल शोधून काढावा, नाहीतर नुकसानीची जबाबदारी स्वतःवर घ्यावी.

कोतवालाच्या कामाचे मोजमाप करण्याची ही पहिली ठळक पद्धत म्हणता येईल. ती वरवर पाहता अत्यंत न्याय्य आहे. पगार सुरक्षिततेचा घेता, तर सुरक्षितता गेली की पैसे भरा. परंतु व्यवहारात तिचे काय होत असे, हे जाँ द थेवनो या फ्रेंच प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. थेवनो १६६६ च्या जानेवारीत सुरतेस आला. शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीला तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. सुरतेचा कोतवाल रात्री तीन वेळा, नऊला, मध्यरात्री आणि पहाटे तीनला, शहरात गस्त घालवी. शिपाई 'खबरदार' अशी आरोळी देत आणि शेजारच्या रस्त्यांवरचे पहारेकरी तीच आरोळी परत देत, असे तो लिहितो. शहरात झालेल्या चोरीला हा कोतवाल जबाबदार असे आणि त्याने भरपाई द्यावी असा दंडक होता. तरीही पैसे न भरता सुटण्याची युक्ती त्याला साधली होती, असेही थेवनो सांगतो आणि एक प्रसंग देतो.

सुरतेतील एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या घरातून मोठी रोकड चोरीस गेली. त्याचे दोन गुलामही त्याच सुमारास नाहीसे झाले होते. चोर सापडेनात, म्हणून व्यापाऱ्याने सुभेदाराकडे दाद मागितली. सुभेदाराने कोतवालास भरपाईबद्दल विचारले. कोतवाल म्हणाला, भरपाई देतो, परंतु इतकी रक्कम खरोखरच चोरीस गेली की नाही याची खात्री करण्यासाठी व्यापाऱ्याला आपल्या ताब्यात द्यावे. त्याला यातना देऊन विचारल्याशिवाय खरे कळणार नाही. हा निरोप व्यापाऱ्याला मिळताच त्याने तक्रार मागे घेतली. पैसे गेले ते गेले, निदान अंग तरी शाबूत राहिले.

या प्रसंगात कोतवालाने कोणताही नियम मोडलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्या कामाचे माप ज्या गोष्टीने होणार होते, ती गोष्टच त्याने नाहीशी केली. तक्रार उरली नाही, म्हणून चोरी उरली नाही, म्हणून भरपाई उरली नाही. दरबारच्या दृष्टीने सुरतेची त्या महिन्याची गस्त बिनचूक ठरली असेल.

दख्खनच्या खेड्यांत हाच गज अधिक सौम्य व अधिक शहाणपणाने वापरला जाई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या जागल्याचे सविस्तर वर्णन आहे. हा जागल्या कोठे महार, कोठे रामोशी, कोठे भिल्ल असे. चोरी झाली की चोर किंवा माल शोधणे हे त्याचे काम. न जमल्यास त्याने ऐपतीप्रमाणे भरपाई द्यायची आणि उरलेली रक्कम साऱ्या गावाने. मात्र त्याला एक सुटका होती. चोराच्या पावलांचा माग काढत तो शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन दाखवला, की याची जबाबदारी संपली. पुढचा माग पुढच्या गावच्या जागल्याने उचलायचा.

माग काढण्याच्या या पद्धतीत मोजमापाचा एक चांगला विचार दडलेला आहे. जागल्याचा निवाडा चोर सापडला की नाही एवढ्यावरच होत नव्हता. त्याने केलेले श्रम डोळ्यांना दिसत आणि दोन्ही गावांच्या लोकांना ते तपासता येत. शिवेवर उभे राहून शेजारचा जागल्या हुज्जत घालीच, त्यामुळे खोटा माग दाखवणे सोपे नव्हते. पूर्ण भरपाई घेणे अन्यायाचे आहे, कारण चोरी रोखणे किंवा पैसे भरणे गावाच्या आवाक्यात असेलच असे नाही, हे एल्फिन्स्टनने ओळखले होते. पूर्ण वसुली क्वचितच होई, बहुधा काही दंड घेऊन प्रकरण मिटे, असेही त्याने लिहिले आहे. हयगय किंवा चोराशी संगनमत उघड झाले तर मात्र इनाम काढून जवळच्या भाऊबंदाला दिले जाई. म्हणजे माणूस बदलला तरी वतन घराण्यातच राही. आजच्या निलंबनापेक्षा ही शिक्षा अधिक झोंबणारी असली पाहिजे, कारण ती रोज शेजारच्या ओसरीवर बसलेली दिसे.

पुणे शहरात परिस्थिती निराळी होती. तेथील कोतवालीला दंडांचे उत्पन्न होते आणि त्याचा हिशेब सरकारात जाई. घाशीराम सावळदास हा १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता. शहर शांत दिसते आहे आणि दंडाचा भरणा होतो आहे, या दोन कसोट्यांवर त्याची कोतवाली चौदा वर्षे टिकली. ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस त्याच्या कोठडीत डांबलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले, तेव्हा लोकक्षोभापुढे नाना फडणीसांना तो जमावाच्या स्वाधीन करावा लागला आणि दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक आले, त्यामुळे घाशीरामाचे नाव मराठी घरांत पोचले. जुलमी माणूस म्हणून त्याची चर्चा खूप झाली. तो ज्या हिशेबाने चांगला अधिकारी ठरत होता, त्या हिशेबाची चर्चा फारशी झाली नाही.

वही, टक्केवारी आणि हजेरी

इंग्रजी अमलात गज बदलला. २९ सप्टेंबर १८२९ रोजी लंडनच्या रस्त्यांवर नव्या महानगर पोलिसांची पहिली गस्त निघाली. चार्ल्स रोवन आणि रिचर्ड मेन या दोन आयुक्तांनी शिपायांना दिलेल्या सूचनांत गुन्ह्यांना आधीच आळा घालणे हे मुख्य काम ठरवले होते आणि गुन्हे न होणे हाच पोलिसांच्या कार्यक्षमतेचा उत्तम पुरावा मानला जाईल, असे बजावले होते. तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. पण प्रत्येक शिपायाला त्याने मोजणार कसे? म्हणून प्रत्यक्षात मोजले गेले ते वेगळेच. शिपाई ठरलेल्या वाटेवरून ताशी अडीच मैलांच्या चालीने जातो का, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर सार्जंटला भेटतो का, आणि शुद्धीवर आहे का! शेवटची कसोटी विनोदाची नव्हती. पहिल्या क्रमांकाचा शिपाई पहिल्याच दिवशी दारूपायी बडतर्फ झाला, आणि दुसऱ्या क्रमांकाचाही.

हिंदुस्थानात मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांनी लंडनची पद्धत घेतली, तर जिल्ह्यांसाठी चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये आयर्लंडच्या धर्तीवर उभारलेले दल हा नमुना ठरला. १८५७ च्या उठावानंतर १८६० चा पोलीस आयोग आणि त्यातून १८६१ चा पाचवा कायदा आला. या कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने प्रत्येक ठाण्यात रोजनामचा ठेवणे बंधनकारक केले. शब्द मोगलाईतला, पण आता त्याचा वाचक बदलला. मोहल्ल्याचा मुख्य कोतवालाला बातमी सांगे; नवा रोजनामचा ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्रांताला पोचू लागला आणि वर जाता जाता त्याचे आकडे झाले. प्रांतिक पोलिसांच्या वार्षिक अहवालांत किती गुन्हे घडले, किती आरोपींना शिक्षा झाली, चोरीच्या मालापैकी किती परत मिळाला, याचे तक्ते छापले जाऊ लागले आणि दोन जिल्ह्यांची तुलना त्यांवरून होऊ लागली.

शिक्षेची टक्केवारी वाढवण्याचे दोन मार्ग असतात. अधिक चोरांवर गुन्हा शाबीत करणे हा एक. आणि जे गुन्हे शाबीत होण्यासारखे नाहीत ते नोंदवूनच न घेणे हा दुसरा. पहिल्यासाठी पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, श्रम लागतात. दुसऱ्यासाठी फिर्यादीला दारातून परत पाठवणे पुरते. ठाण्यातल्या शहाण्या अंमलदाराने कोणता मार्ग धरला असेल, हे सांगण्यासाठी आयोग नेमण्याची गरज नव्हती. तरी तो नेमावा लागला. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने पोलिसांच्या भ्रष्टाचाराविषयी व जुलूमजबरदस्तीविषयी जे लिहिले, ते पुष्कळदा उद्धृत होते. आकडेवारीवरून पोलिसांच्या कामाची पारख करण्याच्या पद्धतीवर त्याने ठेवलेला ठपका मात्र तेवढा उद्धृत होत नाही. आकड्यांच्या धाकाने गुन्हे दडपले जातात, म्हणून वरिष्ठांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम पाहावे, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. लॉर्ड कर्झनच्या काळात सरकारनेच नेमलेल्या मंडळाने सरकारी तक्त्यांविषयी असे लिहावे, हे विशेष होय.

याच काळात गस्तीच्या मोजमापात आणखी एक रकाना वाढला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच संशयित ठरवल्या आणि पुढे १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही पसरली. या जमातींतील माणसांची हजेरी घेणे, रात्री त्यांच्या झोपडीत जाऊन ते जागेवर आहेत की नाहीत हे पाहणे, ही शिपायाची कामगिरी झाली. हे मोजायला अतिशय सोपे होते. किती जणांची हजेरी घेतली, किती गैरहजर, एवढे लिहिले की रात्रीचे काम वहीत दिसू लागे. चोरी कोणी केली हे कळो न कळो. यातला दैवदुर्विलास असा की ज्या रामोश्यांच्या पूर्वजांनी गावची गस्त घातली, पावलांचा माग शिवेपर्यंत नेला, तेच आता गस्तीचे लक्ष्य झाले. १८१८ नंतर किल्ल्यांवरची व गावांतली त्यांची कामे आणि हक्क गेले, उमाजी नाईकांचे बंड झाले, १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी दिले गेले. आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत जागल्याची जमात संशयितांच्या यादीत गेली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि रामोशी आज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये गणले जातात. वर्गात हजेरी घेताना उच्चारला जाणारा हा शब्द कित्येक घरांत आजही वेगळ्या कारणाने आठवला जातो.

गस्तीने काही होते का?

मोजमाप कसे करावे यावर इतके वाद झाले, पण ज्याचे मोजमाप करायचे त्या गस्तीने गुन्हे खरोखर कमी होतात का, हे कोणी पडताळून पाहिले नव्हते. ती पडताळणी अमेरिकेत झाली. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पायी गस्त मागे पडून मोटारींची गस्त आली होती. कोणत्याही वेळी कोणत्याही रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसू शकते या भीतीने गुन्हेगार दबून राहतो, असे गृहीत धरले जाई, आणि किती मैल फिरलात, बोलावल्यावर किती मिनिटांत पोचलात यावर शिपायाची पारख होई.

कॅन्सस सिटी या शहराच्या पोलिसांनी ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ असे एक वर्ष दक्षिण विभागातील पंधरा बीटांवर प्रयोग केला. पाच बीटांत नेहमीची गस्त बंद. बोलावणे आले तरच गाडी आत जाई आणि काम संपताच बाहेर पडे. पाच बीटांत गस्त दोन-तीन पटींनी वाढवली. उरलेल्या पाचांत पूर्वीप्रमाणे चालू ठेवली. वर्षअखेर गुन्ह्यांची नोंद, लोकांच्या मुलाखती, व्यापाऱ्यांची मते, सारे ताडून पाहिले गेले. तिन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. गुन्हे सारखेच, भीती सारखीच, पोलिसांविषयीचे समाधानही सारखेच. गस्त बंद झालेल्या भागातल्या लोकांना ती बंद झाल्याचे बहुधा कळलेच नाही. शिपायांच्या वेळेपैकी सुमारे साठ टक्के वेळ कोणत्याही ठरलेल्या कामाविना जातो, हेही त्यात दिसून आले. १९७४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि पोलीस वर्तुळात खळबळ उडाली. त्याच शहरातल्या पुढील अभ्यासाने 'किती मिनिटांत पोचलात' हा गजही ढिला केला. गाडी पोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा, ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो माणूस फोन करायलाच अधिक वेळ लावतो. आधी घरच्यांना विचारतो, शेजाऱ्याला सांगतो, मग पोलिसांना.

न्यूअर्कमधील १९७८-७९ च्या पायी गस्तीच्या अभ्यासाने वेगळे चित्र पुढे आणले. पायी गस्तीनेही गुन्ह्यांचा आकडा कमी झाला नाही, मात्र लोकांची भीती कमी झाली. अबुल फजलने कोतवालाकडून नागरिकांच्या शांत झोपेची अपेक्षा ठेवली होती, तिच्याशी हे बरेच मिळतेजुळते आहे. पण झोपेचा तक्ता कोणत्याही ठाण्यात भरला जात नाही.

या संशोधनातून मोजमाप सैल होईल असे वाटले होते, झाले उलट. १९९४ मध्ये न्यूयॉर्कचे आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी 'कॉम्पस्टॅट' ही पद्धत आणली. प्रत्येक विभागाचे ताजे आकडे नकाशावर मांडायचे आणि विभागप्रमुखाला भर सभेत जाब विचारायचा. शहरातील खुनांची संख्या १९९० मध्ये दोन हजारांवर होती, ती १९९८ पर्यंत सातशेच्या खाली आली. हे यश त्या पद्धतीचे किती, यावर वाद आहे, कारण ही पद्धत नसलेल्या शहरांतही त्या दशकात गुन्हे घटले. सभेतला जाब खाली झिरपत गस्तीच्या शिपायापर्यंत पोचला, तेव्हा 'काम दाखवण्याचा' सोपा उपाय म्हणून रस्त्यावरच्या माणसाला थांबवून झडती घेणे वाढले. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्कमध्ये अशा ६,८५,००० हून अधिक नोंदी झाल्या. ऑगस्ट २०१३ च्या निकालात संघराज्य न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली गेली ती घटनाबाह्य ठरवली. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळातील ४४ लाख नोंदींपैकी ८८ टक्के प्रकरणांत पुढे काहीच कारवाई झाली नव्हती, आणि थांबवलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते, हे त्या निकालात नमूद आहे. हजेरीच्या वहीशी या नोंदींचे नाते जवळचे आहे.

ब्रिटनमध्येही २०१४ मध्ये पोलीस निरीक्षणालयाच्या तपासणीत असे आढळले की इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक गुन्हे, नोंदवलेच जात नव्हते. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. सुरतेच्या व्यापाऱ्याची कथा केवळ मोगलाईची नाही, असे म्हणण्यास हा आधार पुरेसा आहे.

फिर्यादी कोठे आहे?

स्वतंत्र भारतात धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोग नोव्हेंबर १९७७ मध्ये नेमला गेला आणि १९७९ ते १९८१ या काळात त्याने आठ अहवाल दिले. गुन्हे नोंदवून न घेण्याच्या रोगाची चर्चा त्यात पुन्हा आली. फ्रेझर आयोगाला पाऊणशे वर्षे होऊन गेली होती. पोलिसांच्या कामाची पारख करण्यासाठी राज्य सुरक्षा आयोग असावा, ही त्यातील सूचना कपाटात पडून राहिली. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग खटल्यातील निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांवर बंधनकारक केली आणि कामगिरीचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्यासही सांगितले. नंतर बहुतेक राज्यांनी आयोग कागदावर नेमले. त्यांपैकी कित्येकांचे अधिकार इतके पातळ केले की त्यांच्याकडून पारख व्हावी अशी अपेक्षाही उरली नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदवलीच पाहिजे, असा निर्वाळा ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, खबर देण्याची सोय कायद्यात आणली.

तरीही चोरीला गेलेला मोबाइल 'गहाळ' म्हणून लिहून घेणे किंवा मारहाणीचे प्रकरण अदखलपात्र रकान्यात ढकलणे, हे प्रकार महाराष्ट्रात कोणाला नवीन नाहीत. याचा दोष ठाण्यात बसलेल्या एकट्या हवालदाराच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होईल. त्याच्या ठाण्याचे आकडे गेल्या वर्षीपेक्षा वाढले, तर त्याच्या साहेबाला बैठकीत उत्तर द्यावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अलीकडच्या अहवालांत गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा खुलासा छापला आहे. बैठकीत हा खुलासा कोणी वाचून दाखवतो की नाही, हा भाग निराळा. शिवाय शिपायाच्या गोपनीय अहवालात त्याच्या चालीरीतीचे, शिस्तीचे, आज्ञाधारकपणाचे शेरे असतात. त्याने किती जणांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, याला रकाना नसतो. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळवलाच पाहिजे, हे देव दत्त खटल्यात २००८ मध्ये ठरले, एवढा एक दिलासा.

गस्तीवर लक्ष ठेवण्याची साधनेही पालटली. हैदराबादेत रात्रीच्या गस्तीचा शिपाई ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या 'पट्टा बुका'त वेळ घालून सही करी. महाराष्ट्रातील काही शहरांत आता अशा जागी क्यूआर कोड लावले आहेत आणि शिपाई मोबाइल समोर धरून आपली हजेरी नोंदवतो. खोटी सही ठोकण्याची जुनी सोय त्यामुळे गेली. पण लंडनच्या सार्जंटने कोपऱ्यावर उभे राहून जे पाहिले, तेच हा कोड पाहतो.

फिर्यादीच्या बाजूने मोजमाप करण्याचा एक मोठा प्रयत्न राजस्थानात झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, तेव्हा राजस्थान पोलिसांत असलेल्या नीना सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी राज्याच्या पोलिसांसमवेत २००६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत दीडशेहून अधिक ठाण्यांत काही सुधारणा करून पाहिल्या. बदल्या थांबवणे, प्रशिक्षण देणे, आठवड्याची सुट्टी व कामांची पाळी लावणे, गावकऱ्यांना ठाण्यात निरीक्षक म्हणून बसवणे, अशा त्या होत्या. यांपैकी सुट्टी, पाळी आणि गावकरी निरीक्षक या गोष्टी ठाण्याच्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होत्या आणि त्या नीट राबवल्याच गेल्या नाहीत. प्रशिक्षणाचा आणि बदल्या थांबवण्याचा उपयोग झाला.

पोलिसांची पारख करण्यासाठी संशोधकांनी आणखी एक युक्ती योजली होती. साध्या वेशातील माणसे ठाण्यात जात आणि किरकोळ चोरीची बनावट फिर्याद सांगत. अंमलदार गुन्हा लिहायला बसलाच, तर ती आपली ओळख देऊन नोंद थांबवत. न लिहिता परत पाठवले, तर तेही टिपून ठेवत. या भेटी सुरू झाल्याची कुणकुण ठाण्यांना लागली. त्यानंतरच्या भेटींत बनावट फिर्यादी नोंदवून घेण्याचे प्रमाण वाढत गेले. टेबलापलीकडे उभा असलेला माणूस खराच नाडलेला आहे की तपासणीला आला आहे, हे अंमलदाराला ओळखता येत नव्हते, म्हणून तो वही उघडू लागला असावा.